आहेराची वही

लग्न लागते, पंगती उठतात, वाजंत्रीवाले आपली बिदागी घेऊन मार्गस्थ होतात, आणि मांडवाच्या एका कोपऱ्यात, सतरंजीच्या टोकावर, दोन माणसे मात्र अजून बसलेलीच असतात. एकापुढे लांबट वही आणि दौत. दुसऱ्यापुढे खणांचा, नारळांचा, धोतरजोड्यांचा आणि पाकिटांचा ढीग. दुसरा एकेक वस्तू उचलून नाव सांगतो, पहिला ते टिपतो. मध्येच गाडे अडते. "हे लुगडे कोणाचे? चिठ्ठी गळून पडली वाटते!" मग आत हाक जाते. घरची कर्ती बाई हात पुसत येते, लुगड्याचा काठ नुसता बोटांत धरून पाहते आणि सांगते, "हे नाशिकच्या वन्संचे. त्या नेहमी असलाच काठ घेतात." पहिला मान डोलावतो आणि लिहितो, मात्र वहीत नाव पडते ते वन्संच्या यजमानांचे.

हे दृश्य ज्याने पाहिले नाही असा मराठी वाचक तीसचाळीस वर्षांपूर्वीपर्यंत तरी विरळाच होता. इतिहासकारांनी मात्र या वहीकडे फारसे वळून पाहिलेले नाही. राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ साली काढला, तेव्हापासून घरोघरच्या माळ्यांवरच्या रुमालांना मान आला. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ निघाले आणि तो मान वाढला. पण रुमाल सोडताना शोधणाऱ्याचा डोळा असतो तो तहावर, सनदेवर, फार तर एखाद्या लढाईच्या बातमीपत्रावर. कोणाच्या मुंजीत कोणी किती खण दिले हे वाचायला सवड कोणाला? खरे म्हणजे दोन घरांचे संबंध कसे होते, ते कधी दुरावले आणि कधी सांधले, हे त्या खणांच्या आकड्यांत जितके स्वच्छ उमटते तितके पत्रांतून उमटत नाही. पत्रात माणूस गोड लिहितो. आहेरात त्याला गाठीला हात घालावा लागतो.

आमच्या घरी अशी एक वही आहे. शके १८५८च्या वैशाखातली, म्हणजे १९३६ सालची, माझ्या आजोबांच्या लग्नाची. तांबड्या कापडाची बांधणी, पहिल्या पानावर 'श्री' आणि त्यावर कुंकवाचा डाग, पुढे सगळी मोडी. मधोमध नाव व गाव, उजवीकडे तपशील: लुगडे १, खण १, नारळ १, पुढच्या ओळीत रोख रुपये २, त्याच्या पुढे तांब्या १, फुलपात्र १. जो स्वतः येऊ शकला नाही त्याने ज्याच्या हाती आहेर धाडला त्याचेही नाव 'हस्ते' म्हणून शेजारी. अक्षर इतके बारीक आणि हिशेबी की, सावकाराचे कीर्दखतावणीचे पुस्तक वाटावे. या वहीकडे पुन्हा येऊ. आधी तिचे थोर पूर्वज पाहू.

पेशव्यांच्या वाड्यात आहेर हे राज्याचे काम होते. कापडचोपड आणि दागदागिने ठेवण्याचे खाते म्हणजे जामदारखाना. त्याचा अधिकारी तो जामदार; रोकड सांभाळणारा पोतनीस; हिशेब तपासणारा फडणीस; पत्रे लिहिणारा चिटणीस. आज लग्नपत्रिकांवर ही चारही आडनावे सुखाने शेजारी शेजारी नांदताना दिसतात, पण एके काळी एक आहेर वाड्यात येऊन परतफेडीपर्यंत पोहोचायचा तर त्याला या चौघांच्याही नजरेखालून जावे लागे. पैठण, चंदेरी, बऱ्हाणपूर येथून शेले, पागोटी, दुपेटे मागवून जामदारखान्यात भरून ठेवीत, कारण सरदार, वकील, भिक्षुक, गवई यांपैकी कोणाला केव्हा वस्त्रे द्यावी लागतील याचा नेम नसे. ढोबळमानाने सांगायचे तर खालच्याने वरच्याला द्यायची ती नजर, वरच्याने खालच्याला द्यायचा तो शिरपाव आणि बरोबरीच्यांनी एकमेकांना करायचा तो आहेर. कापड एकच, देणाराघेणारा बदलला की त्याचे नाव बदले.

याची परमावधी पाहायची तर सवाई माधवरावांच्या लग्नाची. हे लग्न १७८३च्या फेब्रुवारीत पुण्यात झाले. नवरदेवाचा जन्म १७७४च्या एप्रिलातला, म्हणजे वय पुरते नऊदेखील नाही. वधू रमाबाई, थत्त्यांच्या घरची. पण लग्न खरे म्हणजे नाना फडणविसांचे होते, असे म्हटले तरी चालेल. राघोबादादांचे प्रकरण आणि इंग्रजांशी झालेले युद्ध नुकतेच निवळत होते. सालबाईचा तह १७८२चा. अशा वेळी पेशव्यांचे घर शाबूत आहे, सरदार एका मांडवाखाली येतात, हे हिंदुस्थानभर दिसणे जरूर होते. म्हणून नानांनी जी व्यवस्था केली तिची तपशीलवार याद करवली. मांडव, दिवाबत्ती, पंगती, पाहुण्यांची उतरण्याची सोय, कोणाला सामोरे कोणी जायचे, कोणाची बैठक कोठे, कोणते काम कोणाच्या शिरावर, हे सारे त्यात नोंदलेले आहे. नानांच्या कारभाराची वाखाणणी करताना या यादीचा दाखला पुष्कळांनी दिला आहे. मला तिच्यात कारभारापेक्षा धास्ती अधिक दिसते. एखाद्या सरदाराला त्याच्या मानापेक्षा हलके पागोटे गेले, तर तो रुसून बसणार. आणि त्या काळी सरदार रुसला तर नुसता जेवायचा थांबत नसे, फौज घेऊन घरी जात असे.

इंग्रजांनी या व्यवहाराला आपले कुलूप लावले. १७७३च्या रेग्युलेटिंग ॲक्टाने कंपनीच्या नोकरांना एतद्देशीयांकडून भेटी घेण्याची मनाई केली. पण दरबारात भेट नाकारणे म्हणजे तोंडावर मारणे. तेव्हा तोड निघाली ती अशी: रेसिडेंटसाहेबाने शाल किंवा तुरा घ्यावा, घरी येऊन कारकुनाकडून त्याची किंमत करवावी, वस्तू सरकारी तोशाखान्यात जमा करावी, आणि उलट भेट द्यायची वेळ आली की त्याच तोशाखान्यातून तितक्याच मोलाची वस्तू काढावी. एका राजाने पांघरलेली शाल अशा रीतीने दुसऱ्या राजाच्या खांद्यावर जाई. वाचक भगिनींना यात काही नवल वाटणार नाही. त्यांच्या कपाटातल्या तळच्या खणात आहेरात आलेल्या आणि आहेरात जायच्या खणांची जी चळत असते, ती याच घराण्यातली. खबरदारी एकच घ्यावी लागते, आणि ती कंपनी सरकारलाही घ्यावी लागत असणार: ज्याचे त्यालाच परत जाऊ नये. त्यासाठी वही हवी.

दरबारातून खेड्यात उतरले की, या वहीचा निराळाच उपयोग दिसू लागतो. १८७५च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यात सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली आणि हाती लागलेली कर्जखते जाळली. दंगे पसरले, सरकारने चौकशीसाठी कमिशन नेमले. तोवर सगळ्या साहेबांचे आणि आपल्याकडच्या शहाण्यासुरत्यांचेही ठरून गेले होते की, कुणबी कर्जात बुडतो तो लग्नकार्याच्या उधळपट्टीने. कमिशनने १८७६ साली अहवाल दिला त्यात या समजुतीला चांगलाच धक्का होता. लग्नखर्चाला कर्जाचे कारण म्हणून वाजवीपेक्षा अधिक महत्त्व दिले गेले आहे. ऐपतीच्या मानाने तो खर्च जास्त दिसला तरी असे प्रसंग क्वचित येतात, आणि बऱ्याच वर्षांची सरासरी धरली तर माणसाने आपल्या घरगुती सुखासाठी इतके खर्चावे हे गैर नाही, असा त्यांचा अभिप्राय पडला. कमिशनचे साहेब आहेराच्या वहीपर्यंत पोहोचले असते तर त्यांना आणखी एक गोष्ट दिसली असती. लग्नाचा खर्च कुणबी एकटा करीतच नव्हता. भाऊबंद, सोयरे, गावकरी यांनी रुपया, आठ आणे, पायलीभर तांदूळ, टोपी-उपरणे असे जे आणून टाकायचे, त्यातून कार्याचा काही भार हलका होई. ते दान नव्हते. ते बिनव्याजी कर्ज होते, आणि ते फेडायचे होते. 'आहेर फेडणे' हा शब्दप्रयोग आपण सहज करतो, पण त्यातले क्रियापद कर्जाचे आहे. फेडण्याची मुदत घरातले पुढचे लग्न. वारस फेडतात. सावकाराचे खत संधी मिळताच जाळणाऱ्या माणसाने आपली आहेराची वही मात्र धान्याच्या कणगीमागे जपून ठेवली, यात आश्चर्य नाही.

अर्थात या मांडवाबाहेर राहणारेही होते. जोतीराव फुल्यांनी १८७३च्या सप्टेंबरात सत्यशोधक समाज काढला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला पुण्यात समाजाच्या रीतीने पहिले लग्न लागले. त्यात खर्च काय तो पानसुपारीचा. भटजीच्या दक्षिणेवर त्यांचा रोख होता हे सर्वांना ठाऊक आहे, पण अशा लग्नाने आहेराचेही ओझे आपोआप उतरे. ज्याने घेतलेच नाही त्याला फेडायचे काय? आज पत्रिकेच्या तळाशी 'कृपया आहेर आणू नये' असे छापलेले वाचतो तेव्हा मला या लग्नाची आठवण होते, आणि मग ती ओळ वाचूनही खिशात पाकीट घालून निघालेल्या स्वतःचीही.

परतफेडीचे गणित मोठे नाजूक असते. आले तितकेच परत केले तर हिशेब मिटवला असा अर्थ होतो, आणि हिशेब मिटवणे म्हणजे संबंध तोडणे. फार जास्त केले तर समोरच्याला लाजवल्यासारखे. म्हणून थोडे वर. अकरा, एकवीस, एक्कावन्न, एकशेएक या आकड्यांमागचा तो वरचा एक रुपया याच जातीचा आहे. शून्यावर थांबायचे नाही, पुढे काही उरवायचे. त्याचा धाकटा भाऊ सव्वा रुपया. १ एप्रिल १९५७ला दशमान नाणी आली आणि सव्वा रुपया म्हणजे रुपया चार आणे याऐवजी एक रुपया पंचवीस नये पैसे झाला. त्या वर्षीच्या वह्यांत एकाच पानावर आणे आणि नये पैसे यांची खिचडी असणार, आणि रात्री बेरीज करताना लिहिणाऱ्या काकांची भंबेरी उडाली असणार. ३० जून २०११नंतर पंचवीस पैशांचे नाणेच चलनातून उठले, म्हणजे आता खराखुरा सव्वा रुपया हातावर ठेवणे कोणालाच शक्य नाही. पाकिटावर रुपयाचे नाणे चिकटवून विकतात, ते मात्र अजून आहे.

मग या सगळ्यात आभार कोठे आले? आपल्या रीतीत ते शब्दांनी मानायचे नसतातच. घरच्या माणसाने 'आभारी आहे' म्हटले की ते परके झाल्यासारखे वाटते. आभार मानायचे ते उलट जाऊन, वेळेवर, थोडे वर घालून. मात्र जो गावात नाही त्याला निदान आपली वस्तू पोहोचली एवढे तरी कळले पाहिजे, आणि येथे टपालखाते उपयोगी पडले. १८७९च्या जुलैत हिंदुस्थानात पोस्टकार्ड निघाले, किंमत पाव आणा. 'आपला आहेर पावला, कार्य यथास्थित पार पडले, आपली उणीव भासली' ही तीन वाक्ये मावायला ते पुरेसे होते. तिसरे वाक्य खरे असो वा नसो. पुढल्याच वर्षी, १८८०ला, पोस्टाची मनीऑर्डर सुरू झाली आणि आहेर मुंबईहून कोकणात किंवा नागपुराहून इंदुरात घरबसल्या जाऊ लागला. मनीऑर्डरीच्या फॉर्मला खाली जोडलेल्या कुपनावर दोन ओळी लिहिता येत, आणि पैसे घेणाऱ्याची सही असलेली पोच पाठवणाऱ्याकडे परत येई. सहीपुरते आभार पोस्टमननेच मानून घेतले, असे म्हणायला हरकत नाही. मोठ्या घरांत वर्तमानपत्रात जाहिरात देत: लग्नसमारंभास उपस्थित राहून वा आहेर पाठवून ज्यांनी लोभ दाखवला त्यांना व्यक्तिशः पत्र लिहिणे अशक्य असल्याने येथेच आभार. ती वाचून पुष्कळजण चिडत. पाव आण्याचे कार्डही आमच्यासाठी जड झाले काय, असा त्यांचा सवाल असे, आणि तो अगदीच गैर नव्हता.

आभारपत्रांची शिस्त खरी इंग्रजांची. १९४७च्या नोव्हेंबरात, म्हणजे आपले स्वातंत्र्य तीन महिन्यांचे असताना, लंडनला राजकन्या एलिझाबेथचे लग्न झाले. अडीच हजारांवर भेटी आल्या, दहा हजारांच्या आसपास तारा आल्या. भेटींची छापील यादी निघाली आणि त्या सेंट जेम्स राजवाड्यात लोकांना पाहायला मांडल्या. आपल्याकडच्या रुखवताचेच हे राजेशाही रूप. हैदराबादच्या निजामाने हिऱ्यांचा हार आणि मुकुट दिला, तोही नवरीने कार्तिएच्या दुकानातून आपल्या पसंतीने निवडावा अशा मोकळेपणाने. महात्माजींनी स्वतः कातलेल्या सुताचे विणलेले एक लहानसे वस्त्र पाठवले. ते प्रदर्शनात पाहून वृद्ध राणी मेरी यांना वाटले की, हा तर यांचा पंचा! आणि त्या नाराज झाल्या. पण मला त्याहून लक्षात राहते ती दुसरी हकिकत. युद्धानंतरची टंचाई होती, कापडावर रेशनिंग होते. गावोगावच्या बायांनी राजकन्येच्या वेषासाठी आपली कापडाची कुपने कापून पाकिटात घालून धाडली. एकाची कुपने दुसऱ्याने वापरणे कायद्यात बसत नव्हते. तेव्हा ती एकेक परत पाठवावी लागली. आपल्याकडे कोणी आहेर परत केला तर सात पिढ्या बोलणे बंद. तिकडे ती परत गेल्याचे कोणाला वाईट वाटले नाही, कारण कोणाचे आले हे लक्षात ठेवले आहे, एवढे तेवढ्यानेच कळले.

एक गोष्ट मात्र त्या राजवाड्यातल्या यादीत होती आणि आपल्या वहीत नव्हती. ती यादी नवरीच्या नावाने होती.

आपली आहेराची वही पुरुषांची. लिहिणारा पुरुष, नाव पुरुषाचे, आणि हिशेब दोन घरांच्या कर्त्यांमधला. मुलीला बापाने काय दिले ते 'व्याही यांजकडून' असे जमा होई. कोणाला दिले? घराला. वधूचे माहेरचे नाव तर त्याच दिवशी ताटातल्या तांदळांत पुसले गेलेले. बायकांनी यावर आपल्यापुरता तोडगा काढला, आणि तो कागदावर नव्हे, भांड्यांवर. पितळेच्या कळशीवर, पराती-पातेल्यांवर, पुढे स्टेनलेस स्टीलच्या डब्यांवर नाव घालून घेण्याची चाल पडली. भांड्यांच्या दुकानापुढे एक माणूस छिन्नी-हातोडी घेऊन बसलेला असे, अक्षरामागे दर ठरलेला. टिंबाला टिंब जोडून तो 'अमकीस लग्नात मामाकडून सप्रेम भेट' असे ठोकून देई आणि खाली तारीख घाली. नंतर विजेचे यंत्र आले आणि अक्षर गुळगुळीत झाले. ज्या बाईला लिहिता येत नव्हते तिच्याही मांडणीवर तिची वही चकचकीत घासून उभी असे. भाऊ वेगळे झाले, घराच्या वाटण्या झाल्या, की ही अक्षरे बोलू लागत. "ती परात माझी, नाव वाच!" या वाक्याने किती वाटण्या रेंगाळल्या असतील आणि किती अन्याय टळले असतील, त्याची गणती कोणत्या दफ्तरात सापडायची?

शास्त्राची गंमत अशी की, ते बायकांच्या बाजूचे होते. विवाहाच्या अग्नीसमोर मिळालेले, सासरी निघताना मिळालेले, प्रेमाने दिलेले, आई, बाप, भाऊ यांनी दिलेले, हे सारे स्त्रीधन, असे स्मृतिकार सांगतात. याज्ञवल्क्यस्मृतीवर 'मिताक्षरा' लिहिणारा विज्ञानेश्वर हा कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यातला, म्हणजे आपल्या शेजारचाच. त्याने स्त्रीधनाची व्याख्या आणखी ऐसपैस केली. मूळच्या पैठणच्या भट्ट घराण्यातल्या नीलकंठाने सतराव्या शतकात काशीत 'व्यवहारमयूख' लिहिला, आणि हे दोन्ही ग्रंथ पुढे मुंबई इलाख्याच्या न्यायालयांत प्रमाण मानले गेले. महामहोपाध्याय काण्यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात या विषयाचा कीस काढला आहे. इतका शास्त्राधार पाठीशी असून बाईला आपली वस्तू मागायची वेळ आली की पुरावा काय? आहेराची वही सासऱ्यांच्या पेटीत, आणि तीत तिचे नावच नाही.

१९५६च्या हिंदू वारसा कायद्याने स्त्रीच्या ताब्यातली मालमत्ता पूर्णपणे तिची ठरवली. १९६१ साली हुंडाबंदीचा कायदा झाला. हुंडा वेगळा आणि आहेर वेगळा हे सांगायला सोपे, पण न्यायालयात दोहोंमधली रेघ ओढायची कशी? हुंडा घेणाऱ्याने 'तो आहेर होता' म्हणावे आणि आहेर दडपणाऱ्याने 'तसे काही आलेच नव्हते' म्हणावे. १९८५च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रतिभा राणी यांच्या खटल्यात स्वच्छ सांगितले की, स्त्रीधन सासरी ठेवले म्हणून ते सासरचे होत नाही; ते विश्वासाने सांभाळायला दिलेले असते, आणि मागितल्यावर परत न देणे हा विश्वासघाताचा गुन्हा होतो. त्याच वर्षी २ ऑक्टोबरपासून केंद्र सरकारचे नियम अमलात आले. लग्नात वधूला मिळालेल्या भेटींची यादी वधूने ठेवावी, वराला मिळालेल्यांची वराने. यादी लग्नाच्या वेळी किंवा नंतर होईल तितक्या लवकर करावी. ती लेखी असावी. प्रत्येक वस्तूचे थोडक्यात वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव, आणि तो नातलग असेल तर नाते काय ते लिहावे. खाली वधू आणि वर दोघांच्याही सह्या असाव्यात. वधूला सही करता येत नसेल तर यादी तिला वाचून दाखवून तिचा अंगठा घ्यावा.

मी हा नियम पहिल्यांदा वाचला तेव्हा हसू आले. दिल्लीच्या कोण्या सेक्रेटरीने आमच्या काकांची वहीच समोर ठेवून मसुदा केला की काय! तेच रकाने: वस्तू, किंमत, नाव, नाते. मग ध्यानात आले की, दोन रकाने काकांच्या वहीत मुळीच नव्हते. एक, कोणाला दिले. आणि दुसरा, तिची सही. इतक्या शतकांची रीत आणि कायदा यांच्यातले अंतर तेवढेच, पण केवढे! दुःखाची गोष्ट ही की, असा नियम आहे हेच पुष्कळ घरांना ठाऊक नसते, आणि ज्यांना असते त्यांना लग्नघरात तो बोलून दाखवणे अभद्र वाटते. दोन हजार माणसांची जेवणाची यादी करताना कोणाला अभद्र वाटत नाही.

आता आहेर मोबाईलवरूनही येतो. देणाऱ्याचे नाव, रक्कम, वेळ, सारे आपोआप नोंदले जाते, आणि हात जोडल्याचे एक चित्र उलट गेले की आभारही झाले. १८८०ची ती मनीऑर्डर २०१५ साली जुन्या रूपात बंद झाली. तिच्या आधीच, २०१३च्या जुलैत, तारखाते बंद झाले होते. वही लिहिणारे काका आता नाहीत आणि चिठ्ठी पडलेल्या लुगड्याचा काठ ओळखणारी बाईही मिळायची मुष्किल.

आमच्या घरच्या वहीकडे परत येतो म्हटले होते. आजीला मोडी येत नव्हती; बाळबोधही दोनतीन इयत्तांपुरतीच. ती नव्वदीकडे झुकली असताना एका दिवाळीत साफसफाई करताना ही वही निघाली. वडील मोडी शिकलेल्या शेवटच्या पिढीतले. ते ओटीवर बसून वाचून दाखवू लागले आणि आजी भिंतीला टेकून ऐकत राहिली. प्रत्येक नावावर तिची काही ना काही टीप होती. हा पुढे मुंबईला गेला, हिला दिवस गेले नाहीत, याने दोन रुपये दिले पण चार वेळा बोलून दाखवले. होता होता वडिलांनी वाचले, "व्याही यांजकडून, घंगाळ तांब्याचे १."

आजी ताठ बसली. "व्याह्यांकडून कसले? माझ्या आईने दिले ते. हातातली एक बांगडी मोडून. बाबांना ठाऊकसुद्धा नव्हते. नाव ठोकायला पैसे उरले नाहीत म्हणून कोरे आले."

ते घंगाळ आम्ही सगळ्यांनी पाहिलेले होते. लहानपणी दिवाळीच्या पहिल्या आंघोळीचे पाणी त्यातच काढीत. त्यावर नाव का नाही, हे कोणी कधी विचारले नव्हते.

वडील पान उलटणार तोच ती म्हणाली, "थांब. लिही तिथे."

"काय लिहू?"

"आईचे नाव लिही. आणि माझे. माझे आधीचे लिही, माहेरचे."

वडिलांनी खिशातले बॉलपेन काढले. मोडीत लिहू की बाळबोध, असे त्यांनी विचारले.

"मला वाचता येईल असे लिही," आजी म्हणाली, आणि चष्मा लावायला उठली.